मधला चौकोन

बाबांच्या उजव्या कानातलं यंत्र टाकीत पडलं, तेव्हा माझं वाक्य अर्धंच झालं होतं. ‘पडलं’ म्हणते खरी, पण पडलं की त्यांनी पाडलं, हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येत नाही. दादाला विचारलं, टाकीवरच्या मॅडमना विचारलं, खुद्द बाबांना विचारलं. प्रत्येकाने वेगळंच काहीतरी सांगितलं आणि माझ्या डोक्याचा पार भुगा केला.

मला गोंधळ सहन होत नाही. स्वभाव तसा आणि कामही तसंच. मी कानांचे साचे घेते. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या कानात गुलाबी मऊ लगदा भरायचा, तो घट्ट होईपर्यंत त्यांना बोलू द्यायचं नाही, मग हलक्या हाताने तो ओढून काढायचा आणि त्यावरून यंत्राचं कानात बसणारं टोक बनवायचं. टोक एक तर बसतं, नाहीतर बसत नाही. बसलं नाही तर यंत्र शीळ घालतं आणि माणूस माझ्या नावाने खडे फोडतो. बसलं तर विषय संपला.

बाबांचं काम याच्या बरोबर उलट. त्यांचा विषय कधी संपायचाच नाही.

शाळेत बाई विचारायच्या, “तुझे वडील काय करतात?” मी म्हणायची, “पाण्यात चकत्या टाकतात.” “आणि मग?” “मग बाहेर काढतात.” अख्खा वर्ग खिदळायचा. दादा हुशार, तो सरळ ‘प्रयोगशाळेत नोकरी’ असं सांगून मोकळा व्हायचा. पण खरं माझंच होतं. बाबा चकत्या टाकायचे आणि बाहेर काढायचे, आणि मधल्या वेळात चकती जे काही करायची त्याच्यावर ती सगळी प्रयोगशाळा पोसली जायची.

टाकी तीन मजले उंच होती. चारही बाजूंना जाड काच, आत स्वच्छ पाणी आणि तळाला पांढऱ्या रेघांनी आखलेले चौकोन. वर लोखंडी फळी होती, तिच्यावर बाबा उभे राहायचे. पाण्याला जेमतेम टेकेल असा एक लांब दांड्याचा चिमटा होता. त्यात चकती धरायची, पाणी अगदी शांत होईपर्यंत थांबायचं, मग चिमटा सोडायचा आणि चकती कुठल्या चौकोनात जाऊन बसते ते बघायचं. जाड चकती निमूटपणे सरळ खाली जायची. पातळ चकती झोपाळ्यासारखी झुलत झुलत उतरायची. आणि या दोन्हींच्या मधे एक जात होती, तिचा मात्र काही नेम नसायचा. ती जरा झुलायची, मग एकदम कोलांट्या मारायची, मग काचेकडे धाव घ्यायची आणि तिथून काहीतरी विसरल्यासारखी परत फिरायची. तीच चकती, तेच पाणी, तोच हात, तरी दर वेळी चौकोन वेगळा. चिमट्यातून सुटताना ती केसभर कलली तरी तळाशी जाईपर्यंत त्या केसाचा हातभर व्हायचा. बाबांनी सगळी नोकरी या मधल्या जातीच्या मागे घालवली. “कुठे पडेल ही?” असं कुणी विचारलं की ते खुशीत येऊन म्हणायचे, “ते सांगता येत नाही, हेच तर आम्ही शोधून काढलंय!”

“आणि हे शोधायला तुम्हाला पगार देतात?” आई विचारायची.

“वेळेवर देतात,” बाबा म्हणायचे.

सुट्टीच्या दिवशी ते आम्हा दोघांना टाकीवर घेऊन जायचे, आणि घरातले वादाचे विषय तिथे निकाली निघायचे. मला कुत्रा हवा होता. “चौकोन सांग,” बाबा म्हणायचे. “चकती त्यात पडली तर कुत्रा आणू.” मी दर वेळी मधला सांगायची. चिमटा बरोबर त्याच्या डोक्यावर, मग चकती जाणार कुठे? साधी गोष्ट आहे. दादा कधी कोपऱ्यातला सांगायचा, कधी काचेलगतचा, आणि मधूनच जिंकायचाही. त्याला सायकल मिळाली. मला कुत्रा मिळाला नाही, वेगळी खोली मिळाली नाही, केस कापायची परवानगीसुद्धा मिळाली नाही. मी मधला सोडला नाही आणि चकती मधल्यात पडली नाही. रडत रडत जिना उतरायची आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा मधलाच सांगायची.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. मी एकटी, ते एकटे, बरं चाललं होतं. पंपांच्या घरघराटात आयुष्य काढल्यामुळे त्यांचे कान कधीच कामातून गेले होते. मी त्यांना आधी एक जोडी करून दिली, आणि ती जुनी झाल्यावर गेल्या वर्षी नवी. दोन्ही करड्या रंगाच्या, कारण बाबांना दुसरा रंग चालत नाही. नवी जोडी इतकी छान बसली होती की मी ती दुकानात येणाऱ्या लोकांना कौतुकाने दाखवायची. पण बाबांना त्या यंत्रांचा खरा उपयोग सापडला तो वेगळाच. वाद सुरू झाला रे झाला की ते दोन्ही यंत्रं टेबलावरच्या वाटीत टाकायचे. टण्, टण्. मग लोकरीची टोपी कानांवर ओढायची आणि पेपर उघडायचा. सभा संपली. माझ्या सगळ्या कसबाचा शेवट त्या वाटीत व्हायचा. माझा असा संताप व्हायचा की बोलायची सोय नाही, आणि बोलून तरी काय उपयोग होता म्हणा.

तशात मला एक नोकरी चालून आली. लांबच्या शहरात, विमानाने जावं लागेल इतक्या लांब, लहान मुलांच्या मोठ्या रुग्णालयात. जन्मल्यापासून ऐकू न येणाऱ्या बाळांचे कान. हे काम करायला मिळावं म्हणून मी कितीतरी वर्षं देव पाण्यात घालून बसले होते. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. दादा म्हणाला, “बाबांना माझ्याकडे पाठव.” वहिनीही हो म्हणाली. सगळं ठरलं, फक्त बाबांना सांगायचं राहिलं. आणि नेमकं तेच माझ्याच्याने होईना.

मी सराव करायला लागले. बाबा जेवणाच्या टेबलाशी पेपर वाचत बसलेले, यंत्रं वाटीत, टोपी कानांवर, आणि मी ओट्याशी उभी राहून भिंतीला सांगतेय, “बाबा, मला तिकडे नोकरी मिळालीय. पुढच्या महिन्यात जाते. तुम्ही दादाकडे राहा.” कधी हे वाक्य आधी, कधी ते. हळूहळू धीर चेपला. एकदा तर मी त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाले, “तुम्हाला सोडून जाताना मला वाईट वाटेल की सुटल्यासारखं वाटेल, माझं मलाच कळत नाही.” असं मी कुणाशीच बोलले नव्हते. बाबांनी शांतपणे पान उलटलं. मला बरं वाटलं आणि रडूही आलं. मग मी उठून भांडी घासली.

दादा फोनवर म्हणाला, “अगं, तू कानांचीच डॉक्टर आणि तुलाच त्यांच्या कानावर घालता येत नाही?”

“मी डॉक्टर नाही. आणि तू सांग की मग!”

“छे छे, तुझी नोकरी, तू सांग,” म्हणून त्याने हात वर केले.

आणि मग टाकीवरून निरोप आला. टाकी बंद होणार होती. आता म्हणे ते सगळं संगणकावर होतं, पाणीही लागत नाही आणि चकतीही. पाणी सोडून द्यायच्या आधी शेवटची चकती बाबांनी टाकावी, अशी तिथल्या मॅडमची इच्छा होती. मॅडम बाबांच्या हाताखाली शिकलेल्या, आता प्रमुख झालेल्या. मी ठरवलं, तिथेच सांगायचं. टाकीवर बाबा नेहमी खुशीत असतात, आणि तिथे वाटी नाही.

निघताना त्यांचं उजवं यंत्र बारीक शीळ घालत होतं.

“टोक सैल झालंय का हो बाबा? कसं काय? गेल्या वर्षीचं तर आहे.”

“वय झालं की कान वाढतात,” बाबा म्हणाले. “तूच म्हणालेलीस.”

म्हणाले होते खरी. उद्या नवा साचा घेऊ, असं मनाशी म्हणत मी दाराला कुलूप लावलं.

टाकी पूर्वी होती तशीच होती, फक्त लहानपणी मला ती अफाट वाटायची, आता नुसती उंच वाटली. पंप बंद होते, आदल्या दिवसापासून पाणी स्थिर होऊ दिलेलं. मॅडमनी बाबांचे दोन्ही हात हातात घेतले, खुर्ची दिली, पाणी दिलं. बाबा जुन्या लोकांची चौकशी करत होते, तोवर मी काचेला नाक लावून तळाचे चौकोन बघत होते.

“लहानपणी मी नेहमी हा मधला निवडायचे,” मी मॅडमना म्हणाले. “एकदाही पडली नाही.”

“मधला?” मॅडम हसल्या. “अहो, सगळ्यात कमी त्याच्यातच पडतात! चकती एकदा सरकायला लागली की बाजूलाच जाते. थेट खाली फारच क्वचित. इथे आलेल्याला आम्ही पहिल्याच दिवशी हे सांगतो. तुमच्या बाबांनीच तर मला सांगितलं.”

मी बाबांकडे बघितलं. ते खिशातला रुमाल काढून चिमट्याचा दांडा पुसत होते, बाळाचं अंग पुसावं तसं. म्हणजे यांना माहीत होतं. कुत्र्याच्या वेळी, खोलीच्या वेळी, केसांच्या वेळी, प्रत्येक वेळी माहीत होतं, आणि मला चक्क शेंडी लावत होते! माझ्या अंगाची आग आग झाली. मोठ्या बाईने एवढ्याशा गोष्टीसाठी चिडू नये, हेही कळत होतं. पण मी लहान असताना चिडायला हवं होतं ते राहून गेलं होतं, ते आता एकदम आलं.

बाबा जिना चढले. मी त्यांच्या मागे. वर फळीवर दोघांपुरतीच जागा. खाली मॅडम कॅमेऱ्यापाशी. वर एक नियम असतो आणि तो आम्हाला लहानपणीच घोटून घेतलेला: चकती चिमट्यात असताना कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, जमलं तर श्वासही बेताने घ्यायचा. बाबांनी चकती चिमट्यात धरली आणि चिमटा पाण्याला टेकवला. पाण्यावर एक लहर उठली, काचेपर्यंत गेली आणि विरली. सगळं शांत झालं.

आणि तेव्हाच मी बोलले. दुसरी वेळ मिळाली नसती असं नाही. पण मला त्यांचा तो नियम मोडायचाच होता.

“बाबा, मला तिकडे नोकरी मिळालीय,” मी म्हणाले. “पुढच्या महिन्यात...”

बाबांनी मान कलती केली आणि ते पाण्यात डोकावले. त्यांचा उजवा हात कानाशी गेला. खाजवायला गेला, की यंत्र सावरायला, की आणखी कशाला, देव जाणे. एक करडी गोष्ट त्यांच्या खांद्यावरून घसरली आणि टुबकन पाण्यात गेली.

माझं वाक्य तिथेच थांबलं.

यंत्र आधी सरळ खाली गेलं. मग त्याची वाकडी नळी एका बाजूला फिरली आणि ते गिरकी घेत डावीकडे निघालं. काचेजवळ जाऊन एक क्षण थबकलं, उलटं झालं, पाठीवर पडून सरकत मधल्या चौकोनावरून गेलं, पुन्हा वळलं आणि पलीकडच्या भिंतीशी पाइपाच्या मागे जाऊन बसलं. मी जीव मुठीत धरून बघत होते. त्या क्षणी मला यंत्राची किंमत आठवली नाही, नोकरीही आठवली नाही. एवढंच वाटलं की ते मधल्यात पडावं.

“बघितलंस?” बाबा ओरडले. चेहरा असा उजळलेला, जशी काही लॉटरी लागली. “दोनदा वळलं! दोनदा!”

“काय पडलं?” खालून मॅडम. “चकती नव्हती ती! कॅमेरा चालू आहे, हे धरायचं की नाही?”

“कानातलं मशीन पडलं!” मी ओरडले.

“पडलं की सोडलं?”

“अहो, मला काय माहीत!”

“पाण्याला टेकवून सोडलं की वरून पडलं?” मॅडमना तेच पडलेलं. त्या टाकीवर काम करणाऱ्या सगळ्यांचीच जात एक.

मी बाबांचा दंड धरला. “बाबा, मी काय म्हणाले ते ऐकलंत का?”

त्यांनी डावा कान माझ्याकडे केला. “काय?”

“मी म्हणाले, मला तिकडे...”

“थांब जरा. आधी हे बघू.” त्यांनी चिमट्यातली चकती काढून खिशात टाकली. “एकावरून काही सांगता येत नाही. पुन्हा तसंच दुसरं सोडून बघायला हवं. अगदी तशाच वजनाचं, तशाच आकाराचं.” आणि इकडेतिकडे बघायला लागले, जसं काही कुणीतरी फळीवर तसलं आणखी एक यंत्र ठेवलं असणार.

मला कळलं ते काय करणार आहेत. आयुष्यभर ज्याने एकच वस्तू पुन्हा पुन्हा पाण्यात सोडली त्यालाच असलं काही सुचू शकतं. दुसरा कुणी माणूस एक यंत्र गेलं तर दुसरं घट्ट धरून बसला असता.

“नाही हं बाबा. अजिबात नाही. उजवं गेलं तर गेलं, डाव्याला हात लावायचा नाही.”

“चौकोन सांग,” बाबा म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी हे शब्द उच्चारले नव्हते.

“कशासाठी?” मी विचारलं.

“सांग तर.”

“कशासाठी ते सांगा आधी! काय ठरवायचंय? आणि मी का सांगू? मधला सांगितला की तुम्ही मनात हसणार. माहीत आहे मला आता सगळं. मी काही लहान नाही.”

पण तोवर डावं यंत्र त्यांच्या तळहातावर आलेलं, आणि माझ्या या भाषणातलं किती आत गेलं आणि किती हवेत राहिलं, ते मला कळायला मार्ग नव्हता. बाबांनी ते हळुवार चिमट्यात धरलं. चिमटा पाण्याला टेकवला. मग माझ्याकडे बघत राहिले, पाणी शांत होईपर्यंत. मला खूप बोलायचं होतं. ओरडायचं होतं. चिमटा हिसकावून घ्यायचा होता. पण वस्तू चिमट्यात होती आणि लहानपणीची सवय अशी मुरलेली की माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मी श्वाससुद्धा रोखून धरला. मी काहीही म्हणाले नाही. मानही हलवली नाही. हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

“बरं,” बाबांनी मान डोलवली, आणि चिमटा सोडला.

डावं यंत्र उजव्यासारखं अजिबात गेलं नाही. ते आधी झुललं, एकदा इकडे, एकदा तिकडे, अगदी शिस्तीत. वाटलं, असंच झुलत खाली जाणार. मग अर्ध्या वाटेवर काय बिनसलं कुणास ठाऊक, त्याने दोन कोलांट्या मारल्या, आमच्या दिशेने धाव घेतली आणि अगदी जवळच्या कोपऱ्यातल्या चौकोनात जाऊन पडलं. जिथे दादा जिंकायचा तिथेच.

बाबा वाकून बराच वेळ बघत राहिले. मग सरळ झाले.

“पडलं बघ,” ते म्हणाले. ऐकू येत नसलं की ते फार मोठ्याने बोलतात. सगळी टाकी घुमली. “तुझ्याच चौकोनात पडलं.”

“मी काही म्हणालेच नव्हते!”

“कोपरा. तुझाच होता ना? ठरलं मग.” आणि ते जिना उतरायला लागले.

“काय ठरलं? बाबा! काय ठरलं?”

कुणाला विचारत होते मी? दोन्ही कान तळाला होते. मी त्यांच्या मागून खाली उतरत होते आणि डोक्यात नुसता कल्लोळ. त्यांनी ऐकलं असेल तर किती? ‘नोकरी’पर्यंत की ‘महिन्यात’पर्यंत? ऐकलं नसेल तर ठरलं काय? का कुत्रा ठरला? या माणसाच्या मनात वीसेक वर्षांनी आपण कुत्रा आणायचा असं आहे की काय? मधल्या पायरीवर ते थांबले, कठड्याला धरून मागे वळले आणि म्हणाले,

“पण दादाकडे मी राहणार नाही हं. तिथे टीव्ही फार मोठ्याने लावतात.”

माझा पाय पायरीवरच राहिला. दादाचं तर मी बोललेच नव्हते. वाक्य तिथवर पोहोचलंच नव्हतं.

मी तिथूनच दादाला फोन लावला. “तू सांगितलंस बाबांना?”

“आईशप्पथ नाही! का, काय झालं? चिडले का? तू कुठून बोलतेयस? आवाज का घुमतोय?”

मी फोन बंद केला. खाली मॅडम कॅमेऱ्यावर दोन्ही पडणं पुन्हा पुन्हा बघत होत्या. मी विचारलं, “पहिल्या वेळी त्यांचा हात कानाशी गेला ना? त्यांनी काढलं का ते? दिसतंय का?” त्या म्हणाल्या, “कॅमेरा पाण्याकडे असतो हो, माणसाकडे नाही.” मग त्यांनी यंत्रं नंतर काढून पाठवते असं सांगितलं. मला त्यांचं आश्चर्य वाटलं. भिजलेल्या यंत्रांचं मी करणार काय होते?

बाबा बाहेर आवारातल्या बाकावर जाऊन बसले होते, उन्हात पाय लांब करून. मी त्यांच्या शेजारी बसले. राग, काळजी, पश्चात्ताप, सगळ्याची खिचडी झाली होती. नवी यंत्रं बनवायची म्हणजे साचे, मग टोकं, मग बसवून बघणं; तोवर पुढचा महिना येणार. यांना असं बहिरं ठेवून मी जाणार कशी? म्हणजे हाच डाव होता की काय? मी फोनवर मोठ्या अक्षरांत लिहायला घेतलं, ‘तुम्हाला कधी कळलं?’

बाबांनी माझा हात हळूच खाली केला. मग शर्टाच्या खिशातून एक डबी काढली. ती डबी मी ओळखली. गेल्या वर्षी नव्या जोडीबरोबर मीच दिली होती. त्यांनी ती उघडली, उजवं यंत्र उजव्या कानात बसवलं, डावं डाव्या कानात, मी शिकवलं होतं तसं, टोक आधी आत आणि मग नळी मागे. शीळ नाही, काही नाही. अगदी चपखल.

“हं,” ते म्हणाले, नेहमीच्या आवाजात. “बोल आता. पुढच्या महिन्यात काय?”

“मग पाण्यात काय गेलं?”

“जुनी जोडी.”

“आणि घरी, रोज, वाटीत?”

“तीच. आधीच मुठीत घेऊन ठेवायचो.”

“म्हणजे टोपीखाली...”

“नवी फार छान बसलीय गं,” बाबा म्हणाले. “काढवत नाही.”

कानांचं काम करणारी मी. रोज सकाळ-संध्याकाळ त्या वाटीकडे बघत होते आणि जुनं-नवं मला ओळखता आलं नाही. पण लाज त्याची नव्हती वाटत. मला ती खुर्ची आठवली, जी मी ओढून त्यांच्या समोर ठेवली होती. माझं ते वाक्य आठवलं. आणि त्यांनी किती शांतपणे पान उलटलं, ते.

“तुम्ही सगळं ऐकलंत,” मी म्हणाले. “ते पण. सुटल्यासारखं वाटेल ते पण.”

“ऐकलं.”

“बाबा, मी तसं...”

“दोन्ही वाटेल,” ते म्हणाले. “त्यात न कळण्यासारखं काय आहे? मला पण दोन्ही वाटतंय.”

मी रडायला लागले. भर उन्हात, बाकावर, येणारेजाणारे बघत असताना. बाबांनी तोच रुमाल पुढे केला, ज्याने चिमटा पुसला होता. त्याला तेलाचा वास येत होता. रडता रडता मी त्यांना विचारलं, की ठरवूनच आला होतात तर सरळ ‘जा’ का म्हणाला नाहीत. ते म्हणाले, “तू सरळ विचारलंस का?” मग विचारलं, की मधल्या चौकोनात पडत नाही हे मला लहानपणी का सांगितलं नाही.

“मला वाटायचं, एक-दोनदा हरलीस की बदलशील. दादा बदलायचा. तू चौकोन कधी बदललाच नाहीस.” त्यांनी रिकामी डबी मिटली. “मग सांगायची लाज वाटायला लागली. आणि खरं सांगू, मी प्रत्येक वेळी वर उभा राहून म्हणायचो, पड बाई आज मधल्यात, एकदा तरी पड.”

“आणि आज? मी तर काहीच म्हणाले नव्हते.”

“म्हणून तर आज हरायची सोय नव्हती.”

मी नाक पुसलं. “बरं, मग एकटे राहणार आहात का तुम्ही?”

“शेजारचे आहेत, मॅडम आहेत, दादा रविवारी येईल. टीव्ही घरी ठेवून.”

“आणि उजवं? ते पडलं की पाडलंत? सैल होतं म्हणून पडलं, की कानाला हात लावलात तो काढायलाच लावलात?”

बाबा टाकीच्या इमारतीकडे बघत होते. आतून पाण्याचा आवाज यायला लागला होता. खालची झडप उघडली असावी. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. हसत होते म्हणावं तर डोळे ओले होते.

“एकावरून काही सांगता येत नाही,” ते म्हणाले.

“बाबा!”

“तुझं वाक्य राहिलंय अजून. पूर्ण कर.”

“तुम्हाला माहीत आहे ते.”

“भिंतीला सांगितलेलं माहीत आहे. मला अजून सांगितलं नाहीस.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही कान माझ्याकडे करता येत नाहीत म्हणून अख्खेच माझ्याकडे वळून बसले.

मग मी सांगितलं. सरावातलं एकही वाक्य आठवलं नाही. मला तिकडे नोकरी मिळालीय, म्हणाले. तिथे अगदी लहान बाळं असतात, म्हणाले. पुढच्या महिन्यात मी जातेय बाबा, आणि मला जायचंय. त्यांचा हात एकदाही कानाकडे गेला नाही. मी थांबले, तरी ते आणखी थोडा वेळ तसेच बसून राहिले, वाक्य खरंच संपलंय ना याची खात्री करत असल्यासारखे.

“ऐकलं,” बाबा म्हणाले.